चाकांवरचा संसार आणि पाखरांची चाकरी

अमेरिकेतल्या एखाद्या सरकारी पक्षी-अभयारण्यात हिवाळ्यात गेलात, तर कार्यालयाच्या मागे एका ओळीत उभ्या असलेल्या फिरत्या घरांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. माहिती केंद्रात नकाशा हातात देणारी आजी, शौचालयांत कागद भरून ठेवणारा पांढऱ्या दाढीचा गृहस्थ, पायवाटेवरच्या फांद्या छाटणारे जोडपे, ही सगळी मंडळी त्या घरांतली. त्यांना पगार नसतो. ट्रेलर उभा करायला जागा, वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी फुकट मिळते. त्या बदल्यात बहुतेक ठिकाणी आठवड्याला २४ ते ३२ तास काम करायचे. गेली तीन वर्षे आम्ही दोघे या मंडळींत आहोत.

आम्ही मूळचे खेड तालुक्यातले, बालपण डोंगरीच्या चाळीत आणि नोकरीची सारी वर्षे न्यू जर्सीत गेलेले. निवृत्तीनंतर आधी मुलाकडे, मग मुलीकडे राहून पाहिले. प्रेमात काही कमी नव्हते, पण दिवसभर करायचे काय हे कळेना. घर मोठे होते, त्याचा कर आणि दुरुस्ती परवडेना. शेवटी ते विकले, एक पिकअप आणि त्यामागे ओढायचा २६ फुटी ट्रेलर घेतला. बातमी गावी पोचली तेव्हा भाभींचा फोन आला, "भाईजान, घर विकलंत आणि गाडीत राहता? इथे लोकांना काय सांगायचं?" त्यांना काय सांगावे हे आम्हालाही तेव्हा सुचले नव्हते.

ट्रेलरमध्ये दोनशे चौरस फूट जागा असते. पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, संडास, दोन माणसांचे टेबल. चाळीत सात माणसांनी याहून कमी जागेत संसार केला होता, त्यामुळे जागेची अडचण आम्हाला कधी वाटली नाही. अडचण पाण्याची. पाणी किती येते यापेक्षा किती साठते हे पाहावे लागते, कारण धुण्या-भांड्यांचे पाणी एका टाकीत आणि संडासाचे दुसऱ्या टाकीत जमते. आडरानात जोडणी नसेल तर त्या भरल्या की मुक्काम हलवायचा. वुजू लोट्यात होते, भांडी आधी कागदाने पुसून मग धुवायची. मुसाफिराच्या नमाजेची सवलत आता कुठे लागू होते आणि कुठे नाही, याचा हिशेब मात्र दर मुक्कामाला नव्याने करावा लागतो!

गेले दोन हिवाळे आम्ही न्यू मेक्सिको राज्यातल्या बॉस्के देल अपाचे अभयारण्यात काढले. सोकोरो गावाच्या दक्षिणेला, रिओ ग्रांदे नदीच्या काठी, १९३९ साली स्थापन झालेले हे रान. नदीला पूर्वी वाट्टेल तशी वाहायची मोकळीक होती. पूर येई, काठावर डबकी साचत, त्यांत पाखरे उतरत. मग धरणे आणि कालवे आले, नदी एका चरात बांधली गेली आणि डबकी गेली. आज इथे जी पाणथळ दिसते ती माणसाने हाताने राखलेली आहे. पाटांच्या फळ्या वरखाली करून एकेका खाचरात पाणी सोडतात, काढतात, आणि पाखरांसाठी मका पेरतात. कोकणातल्या भातशेतीची ओळख असलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. आम्ही फळ्या उचलू लागलो तेव्हा तिथला अधिकारी जरा चकित झाला होता.

पाहुणे कोण? सँडहिल क्रेन नावाचे राखाडी, उंच पक्षी, डोक्यावर लाल टिळा, पंखांचा पसारा सहा फुटांच्या आसपास. स्थापनेच्या काळात इथे हिवाळ्याला येणारे हे पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरले होते. आता हजारोंनी येतात आणि त्यांच्यासोबत पांढरे हंस. रात्री ते उथळ पाण्यात उभे राहून झोपतात, म्हणजे कोल्ह्यासारखा कायोटी चालत आला तर पाण्याचा आवाज होतो. पहाटे उजाडता उजाडता थवेच्या थवे शेतांकडे निघतात. आई, बाप आणि त्या वर्षीचे पिल्लू हे तिघे हिवाळाभर सोबत असतात, उडतानाही. माहिती केंद्रात बसून आम्ही हे दिवसातून वीसदा सांगतो आणि अजून कंटाळलेलो नाही.

सगळे काम असे देखणे नसते. झाऊची झाडे कोणीतरी काठ सावरायला म्हणून परदेशातून आणली आणि ती सगळ्या खोऱ्यात माजली. ती तोडून तिथे देशी कॉटनवूडची रोपे लावायची. पाठ मोडते. संडास धुवायचे असतात. रात्री पारा गोठणबिंदूच्या बराच खाली जातो, तेव्हा नळाच्या पाइपाला विजेची गरम पट्टी गुंडाळली नाही तर सकाळी चहालाही पाणी नाही.

शेजार चांगला मिळाला. शनिवारी सगळे एकेक पदार्थ घेऊन जमतात. त्या भागात वाटलेल्या घेवड्यात आणि मैद्याच्या पोळीत कधी कधी डुकराची चरबी असते, म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकले. पुढच्या शनिवारी प्रत्येक भांड्याजवळ कशात काय आहे याची चिठ्ठी. आम्ही तांदळाची भाकरी आणि तिथल्या हॅच मिरचीचा ठेचा नेतो. ही मिरची गिरणीच्या चाळणीसारख्या गोल पिंपात, गॅसच्या ज्वाळेवर, रस्त्याच्या कडेलाच भाजून देतात. हलाल मटण नव्वद मैलांवरच्या अल्बुकर्कीत मिळते. महिन्याचे एकदम आणून फ्रीजरमध्ये ठेवायचे.

सुट्टीच्या दिवशी फिरणे. सोकोरोच्या पश्चिमेला उजाड माळावर रेल्वेरुळांवर उभ्या असलेल्या २७ प्रचंड तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास २५ मीटर, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या. दक्षिणेला व्हाइट सँड्स, जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र वाळूच्या टेकड्या, उन्हातही पायाला न भाजणाऱ्या. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी ट्रिनिटीला गेलो. १६ जुलै १९४५ रोजी पहिला अणुबॉम्ब जिथे फोडला ती जागा लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातून एखाद-दुसराच दिवस लोकांसाठी उघडते. काळ्या दगडाचा एक स्तंभ, कुंपण, स्फोटात वितळून हिरवी काच झालेल्या वाळूचे कण. ते उचलायला मनाई आहे. लोक स्तंभाशी फोटो काढत होते. त्या स्फोटाची राख ज्यांच्या अंगणात पडली त्या तुलारोसा खोऱ्यातल्या कुटुंबांना भरपाईसाठी कित्येक दशके झगडावे लागले. त्याबद्दल तिथे कोणाशी बोलणे होईल असे वाटले होते, झाले नाही.

सर्वांत आवडली ती अबिक्यूची मशीद. सांता फेच्या वायव्येला, चामा नदीच्या वरच्या पठारावर, कच्च्या रस्त्याने जावे लागते. ट्रेलर मागे ठेवून आम्ही पिकअपने गेलो. इजिप्तचे वास्तुकार हसन फती यांना १९८० च्या सुमारास इथे बोलावले होते. ते सोबत न्यूबियाचे गवंडी घेऊन आले आणि उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांचे घुमट लाकडी आधाराशिवाय कसे उभारायचे हे त्यांनी इथल्या लोकांना दाखवले. गंमत अशी की न्यू मेक्सिकोत मातीच्या विटांची घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेतच. नाईलकाठची माती आणि रिओ ग्रांदेकाठची माती एकमेकींना ओळखतात की काय, असे वाटावे. मशिदीभोवती मुसलमानांचे अख्खे गाव वसवायचा बेत होता, तो पुरा झाला नाही. मशीद आणि शाळेची इमारत राहिली. आत गेलो तेव्हा आम्ही दोघेच होतो. जाड भिंतींमुळे बाहेरचा वारा ऐकू येत नव्हता. जोहर पढून बराच वेळ बसलो.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल, काय मजेचे आयुष्य! म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या २०१७ च्या पुस्तकात आणि पुढे त्यावर निघालेल्या सिनेमात अशा म्हाताऱ्यांची हकीकत आहे, ज्यांनी घर सोडले नाही, घरच त्यांच्या हातून गेले. आमच्या ओळीत शेवटच्या ट्रेलरमध्ये राहणारी सत्तरीची बाई त्यांतलीच. हिवाळ्यात इथे फुकट जागा, उन्हाळ्यात दुसऱ्या उद्यानात, आणि ऑक्टोबरात उत्तरेला बीटच्या हंगामावर रोजंदारी, मग पुन्हा इथे. आम्ही हौसेने जे करतो ते तिला करावेच लागते. शिवाय अभयारण्यांतले पगारी कर्मचारी गेल्या काही वर्षांत कमी झाले आहेत. आमच्यासारखे फुकट राबणारे आहेत म्हणून ती पदे भरायची घाई कोणाला नाही, हे आम्हाला दिसते. तरी आम्ही राबतो, कारण पाटाच्या फळ्या वेळेवर नाही उचलल्या तर पाणी थांबत नाही. हे उत्तर पुरेसे आहे असे आम्ही म्हणत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरात, आमच्यापैकी जो ट्रेलर ओढतो त्याच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, आम्ही मूळ स्वरूपात ठेवला होता. खाजगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या पर्यायांत बहुधा ठरावीक भागातलेच डॉक्टर चालतात, मूळ मेडिकेअर देशभर जवळजवळ सर्वत्र चालते. त्यामुळे अल्बुकर्कीत लगेच दाखवता आले. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितले की कडेचे दिसणे कमी झाले आहे, मोठी गाडी ओढू नका. कडेचे न दिसणाऱ्याने आरशांच्या भरवशावर २६ फूट मागे ओढायचे, हे आम्हालाही पटण्यासारखे नव्हते. मुलगा म्हणाला, "अब्बा, आता पुरे. ट्रेलर विका, मी न्यायला येतो." त्याचे चुकले नव्हते.

आमच्यातली दुसरी व्यक्ती ६३ वर्षांची, फक्त मोकळी पिकअप चालवणारी. त्या बीटवाल्या शेजारणीला कळले तेव्हा तिने काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने वाहनतळाच्या रिकाम्या कोपऱ्यात नारिंगी शंकू मांडले. शिकवणी पाच आठवडे चालली. पुढे नेणे सोपे, मागे घेणे जिकिरीचे, कारण चाक डावीकडे फिरवले की ट्रेलरचे शेपूट उजवीकडे जाते. तिची युक्ती अशी: हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा आणि शेपूट जिकडे न्यायचे तिकडे हात न्या. वळण लांबून घ्या, उतारावर आधीच वेग कमी करा, वारा जोरात असेल तर निघूच नका. शंकू कितीदा चिरडले याची मोजदाद ठेवली नाही. शिकवणीचे पैसे तिने घेतले नाहीत. हॅच मिरचीच्या ठेच्याच्या दोन बरण्या घेतल्या.

ज्यांचे आईवडील इकडे मुलांकडे येतात त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी. पर्यटक व्हिसावर आलेल्यांनी जागेच्या बदल्यात असे काम करू नये. राष्ट्रीय उद्यानांत परदेशी स्वयंसेवकांसाठी वेगळा कार्यक्रम आहे आणि त्यासाठी जे-१ व्हिसा लागतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक ६२ वर्षांचे झाले की ८० डॉलरांत आयुष्यभराचा पास मिळतो आणि गाडीतल्या सोबतच्यांनाही त्यावर बहुतेक उद्यानांत प्रवेश मिळतो. सरकारी जमिनींवर २५० तास सेवा केली तर वर्षभराचा पास फुकट.

क्रेन उत्तरेला गेल्यावर, मार्चच्या शेवटी आम्हीही ट्रेलर जोडला. चालवणारी नवी, शेजारी बसून नकाशा पाहणारा जुना, आणि दिवसाला दोनशे मैलांहून जास्त नाही, अंधार पडायच्या आत मुक्काम, अशी मुलाने घातलेली अट. दर संध्याकाळी जागेवर लागलो की त्याला फोटो पाठवायचा. न्यू जर्सीला पोचायला तीन आठवडे लागले. भाभींना तो शेवटचा फोटो गेला तेव्हा त्यांनी विचारले, "ही एवढी मोठी गाडी चालवते कोण?" येत्या ऑक्टोबरासाठीचा अर्ज आम्ही भरला आहे. डोळ्यांची पुढची तपासणी सप्टेंबरात आहे.