रिकाम्या जागा भरा

संगणकावर सातबारा शोधताना जिल्हा हिंगोली, तालुका कळमनुरी, मग गाव आणि गट क्रमांक अशा चार अटी द्याव्या लागतात. समजा, नोंद दुरुस्त करण्याच्या आज्ञेत या अटी जशाच्या तशा चिकटवल्या आणि कोणी गट क्रमांकापुढे ‘किंवा १ = १’ असे लिहिले, तर ती अट सर्वांनाच लागू पडून साऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी बदलतील! उपाय साधा आहे. आज्ञेचे वाक्य आधी कायम करावे, अटींच्या जागी चार प्रश्नचिन्हे ठेवावीत आणि मूल्ये त्याच क्रमाने वेगळी पाठवावीत. मग आलेला मजकूर आज्ञा न ठरता केवळ मूल्य राहतो. ज्याची भाकरी त्या उताऱ्यावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही शिस्त लाखमोलाची आहे.