“असू दे, लागलं तर!” म्हणत भरलेली बॅग आणि दुकानातला पडून राहिलेला माल



सुट्टीचा बेत ठरला की घरात पहिला प्रश्न येतो, “बॅगा किती?” आज धंद्याचं शिकायचं आहे, पण सुरुवात बॅगेपासून करू. कारण दुकान टाकायच्या आधी, एक रुपयाही न गुंतवता, माल भरायची सवय कशी आहे हे तपासायचं असेल तर सहलीची बॅग हे सगळ्यात स्वस्त साधन आहे.

समजा तुम्ही कळंबहून चार दिवस दापोलीला निघालात, एसटीने. कळंबहून बारामती, बारामतीहून स्वारगेट, तिथून पुढे दापोली. म्हणजे तीन गाड्या. बॅग तीनदा चढवायची, तीनदा उतरवायची, वर प्रत्येक स्टँडवर एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर न्यायची. घरात उचलून बघताना बॅग हलकीच वाटते, कारण तिथे ती एकदाच उचलायची असते. म्हणून बॅगेचं वजन नुसतं किलोत मोजू नका. ती कितीदा उचलावी लागणार आहे, तेही मोजा.

आता बॅग उघडून बघा. दोन जीन्स पॅन्टी जादा, “असू दे, भिजली तर.” एक भारीतली साडी, “असू दे, कुणी जेवायला बोलावलं तर.” मोठा टर्किश टॉवेल प्रत्येकाला एक. शाम्पूची अख्खी बाटली. ही “असू दे”वाली बॅग. यातलं निम्मं सामान घडी न मोडता परत येतं. एक जीन्स घरच्या काट्यावर ठेवून बघा, अर्धा किलोच्या वर भरते, आणि कोकणातल्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. त्याऐवजी पातळ सुती पॅन्ट आणि टॉवेलऐवजी साधा पंचा घ्या. रात्री पिळून टाकला की सकाळी बहुतेक वाळतो. चार दिवसांना कपड्यांचे तीन जोड पुष्कळ झाले. एक अंगावर, दोन बॅगेत.

विमानाने जाणार असाल तर बोलायलाच नको. देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेला साधारण 7 किलोची मर्यादा असते. चाकांची टणक ट्रॉली रिकामीच तीन किलोच्या आसपास भरते. म्हणजे जवळजवळ निम्मी मर्यादा बॅगेनेच खाल्ली! रेल्वेच्या स्लीपरला माणशी 40 किलो फुकट नेता येतात, पण नेता येतात म्हणून न्यायचे का, हा प्रश्न वेगळा.

हलकं कसं निघावं हे शिकायला आपल्याला लांब जायची गरज नाही. तुकोबांची पालखी दरवर्षी आपल्याच भागातून जाते. काटेवाडी, सणसर, मग बेलवाडीचं गोल रिंगण, पुढे निमगाव केतकी, इंदापूर. देहू ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, तेही पायी आणि पावसाळ्यात. या वेळी रिंगण बघायला गेलात तर वारकऱ्याच्या खांद्याकडे नीट बघा. गळ्यात टाळ, खांद्याला छोटी पिशवी आणि पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद. वळकटी आणि कपड्यांची पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये, ती संध्याकाळी मुक्कामावर मिळते. त्यासाठी दिंडीत भिशी भरलेली असते. चप्पल तुटली तर वाटेत फुकट शिवून देणारे बसलेले असतात, दाढी करून देणारे असतात, चहा-नाश्ता तर गावोगावी.

यात व्यवस्थापनाचा भारी धडा आहे. वारकऱ्याने सामानाचे तीन भाग केलेत. क्षणाक्षणाला लागणारं अंगावर. दिवसातून एकदा लागणारं ट्रकमध्ये. आणि वाटेत मिळणारं त्याने घेतलेलंच नाही. तो काही कमी गरजा असलेला माणूस आहे असं नाही हं. रस्त्यावर काय मिळतं याची त्याला पक्की माहिती आहे. नवखा माणूस जास्त ओझं नेतो, कारण त्याला रस्ता माहीत नसतो.

नवखा दुकानदारही नेमकं हेच करतो. बचतगटातून कर्ज उचललं, 60,000 हातात आले, होलसेलच्या दुकानात गेला आणि समोर दिसेल ते बांधून आणलं. हा रंग असू दे, ही साइज असू दे, गिऱ्हाईक परत जायला नको. समजा त्यात 250 रुपयांचे 40 नग असे आले की जे कुणी मागतच नाही. झाले 10,000 अडकले. कर्जाचं व्याज महिन्याला दोन टक्के धरलं तर दर महिन्याला 200 रुपये नुसते त्या पडून राहिलेल्या मालाचे. वर्षाचे 2,400. रॅकची जागा अडते ती वेगळीच. आणि खरा घाव पुढे बसतो. सणाच्या आठवड्यात खपणारा माल संपतो, तो परत भरायला पैसे नसतात, कारण पैसे त्या 40 नगांच्या रूपात रॅकवर बसलेत. दुकानात माल आहे, पण विकायला काही नाही! पहिल्याच वर्षात दुकानं बंद पडण्यामागे हे एक मोठं कारण आहे, आणि त्याला माणसं “धंदा चालला नाही” एवढंच म्हणतात.

मग वारकऱ्यासारखे तीन भाग करा. रोज मागितला जाणारा माल कधीच संपू द्यायचा नाही. बारामतीहून उद्या आणता येईल असा माल दोन-दोन नग पुरे. सोलापूरहून टॉवेल-चादरी आणत असाल तर तिथे फेरीचा खर्च आणि दिवस जातो, म्हणून तो थोडा जास्त ठेवावा लागेल. किती ठेवायचं हे माल कुठून आणि किती दिवसांत येतो यावर ठरतं. “असू दे” हे त्याचं माप नव्हे.

हलकं म्हणजे रिकामं नाही, हेही सांगतो. रोजच्या गोळ्या, चष्मा, आधार कार्ड, चार्जर यांत काटकसर करायची नाही. रात्री अकराला हर्णैच्या किनाऱ्यावर बीपीची गोळी कुठे शोधणार? आणि आईने दिलेला लाडवांचा डबा घ्याच. तो जाताना जड असतो, येताना आपोआप हलका होतो. असा माल दुकानात मिळाला तर सोन्याहून पिवळं!

सहलीहून आलात की बॅग लगेच धुण्यात टाकू नका. जमिनीवर दोन ढीग करा, वापरलेलं आणि न वापरलेलं. न वापरलेल्याची यादी कागदावर लिहून त्याच बॅगेच्या कप्प्यात ठेवा, पुढच्या वेळी ती आधी वाचायची. दुकानात हेच काम दर तीन महिन्यांनी. त्यासाठी माल आला त्या दिवशीच प्रत्येक गठ्ठ्यावर तारखेची चिठ्ठी लावा. नव्वद दिवसांत ज्या गठ्ठ्याची गाठ सुटली नाही, तो बाहेर काढा.

तो परत द्यायचा, तर त्याची बोली मात्र माल घेतानाच झालेली हवी. पैसे देऊन झाल्यावर होलसेलवाला ऐकत नाही. पैसे खिशात असतानाच विचारा, “शेठ, साठ दिवसांत न खपलेले नग बदलून द्याल का? किती द्याल?” सगळे हो म्हणणार नाहीत. जो म्हणेल त्याच्याकडे दर दोन-तीन रुपये जास्त असला तरी पहिली खरेदी तिथे करा, आणि बदलून देण्याची बोली बिलावरच लिहून घ्या.