डबल सायलेन्सर बसवावा का?

सुगी उरकून हातात चार पैसे खेळू लागले की गावातली तरुण पोरे पिकअप घेऊन तालुक्याच्या गॅरेजकडे वळतात. कोणी मागे दोन चकचकीत नळ्या लावून येतो, कोणी ट्रॅक्टरचा सायलेन्सर काढून नुसता सरळ पाईप उभा करतो. मध्यंतरी मातीचे नमुने घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. तिथल्या मुलाने विचारले, "साहेब, मिस्त्री म्हणतो डबल सायलेन्सरने गाडीची ओढ वाढते आणि डिझेलही वाचते. बसवू का?" प्रश्न माझ्या खात्याचा नाही खरा. पण ज्या घरचा भाजीपाला त्याच पिकअपमधून बाजाराला जातो, त्या घराला हा शेतीचाच प्रश्न आहे.

मिस्त्रीचे म्हणणे अगदीच खोटे नाही. जळालेला वायू बाहेर जायला वाट अरुंद असली तर तो ढकलण्यात इंजिनाची थोडी ताकद वाया जाते. वाट मोकळी केली की ती वाचते. परंतु कारखान्याने त्या इंजिनाचे माप पाहूनच पाईप बसवलेला असतो. तो आतून काजळीने कोंदला नसेल किंवा दबला नसेल, तर मोकळे करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

शिवाय दोन नळ्या कुठे शोभतात तेही पाहा. अमेरिकेत आठ सिलिंडरच्या पिकअप गाड्या पुष्कळ. त्यांच्या इंजिनात चार-चार सिलिंडर दोन बाजूंना असतात आणि प्रत्येक बाजूचा धूर वेगळा निघतो. म्हणून तिथे दोन पाईप टाकण्याला अर्थ आहे. आपल्या पिकअपचे आणि ट्रॅक्टरचे सिलिंडर एका ओळीत असतात, त्यांचा धूर एकाच तोंडाने बाहेर पडतो. त्यात टर्बो असेल तर सगळा धूर आधी त्या टर्बोतून जातो. एका तोंडातून आलेला धूर पुढे दोन नळ्यांत वाटला म्हणून ताकद दुप्पट कशी होईल? पाटाला शेवटी दोन फाटे फोडले म्हणून विहिरीचे पाणी वाढत नाही. योग्य मापाचा एकच पाईप तेच काम करतो, वजन कमी, सांधे कमी, खर्चही कमी. नळ्या फाजील जाड घेतल्या तर धूर त्यांत लवकर थंड होतो, वाफेचे पाणी साठते आणि जवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीचा पाईप आतून गंजतो.

आता त्या मुलाला मी उलट विचारले, "ओढ कमी झाली आहे का?" तो म्हणाला, "झाली आहे, चढाला काळा धूर सोडते." मग सायलेन्सर कशाला बदलायचा? काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी एअर फिल्टर काढून झटका. आपल्याकडच्या फुफाट्यात तो फार लवकर भरतो. त्यानंतर नोझल तपासून घ्या. निळसर धूर असेल तर ऑइल जळत आहे, रिंगा पाहाव्या लागतील. गरम इंजिनही पांढरा धूर सोडत राहिले तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरते आहे. यातला एकही रोग मागच्या नळीत नाही. त्या मुलाच्या गाडीचा फिल्टर उघडला तेव्हा त्यातून मूठभर माती निघाली.

ओढीपेक्षा मला खरी काळजी कानांची वाटते. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबल आवाजात माणसाने दिवसाचे आठ तासच राहावे असे तज्ज्ञ मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८८ ला चार तास आणि ९१ ला दोनच. सरळ पाईपचा ट्रॅक्टर चालवणारा माणूस नांगरटीच्या दिवसांत दहा-दहा तास त्याच्याशेजारी बसतो. माझ्या पाहण्यातला एक चालक आहे, चाळिशीही गाठलेली नाही. घरात लेक मागून "बाबा" म्हणाली तर त्याला कळत नाही. तिला आता समोर येऊन हात हलवायची सवय झाली आहे. आतल्या कानाच्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत, त्यावर औषध नाही. आधी कानात गुंई असा आवाज राहतो, मग बायका-मुलांचे बारीक आवाज हरवतात. गोठ्यातली दुभती जनावरेही अशा आवाजाने बुजतात.

सरळ पाईपचा दुसरा धोका ठिणगीचा. काजळीचे तापलेले कण सायलेन्सरच्या कप्प्यांत बरेचसे अडतात, सरळ पाईपमधून थेट बाहेर उडतात. कडब्याच्या गंजीजवळ किंवा मळणीच्या खळ्यावर असा ट्रॅक्टर उभा करणे म्हणजे काडी ओढून फेकणे.

कायद्याचेही सांगून ठेवतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो आणि ट्रॅक्टरलाही तो लागू आहे. आवाजाचे आणि धुराचे निकष मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. परवानाही तीन महिने जातो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या पाईपमध्ये धूर गाळणारी महागडी यंत्रणा आणि सेन्सर असतात. ती कापली की गाडीचा संगणक दिवा लावतो आणि पुष्कळदा ताकदच कमी करून टाकतो. अशा गाडीला गावच्या वेल्डरचा हात लावू देऊ नका.

जुनी गाडी असेल, पाईप खरोखरच सडला असेल आणि नवा करायचाच असेल, तर मूळ मापाचा सायलेन्सर घ्या. स्टेनलेस म्हणून कोणी विकत असेल तर नुसत्या लोहचुंबकावर विसंबू नका. धुराच्या पाईपला वापरतात त्यातल्या एका चांगल्या स्टेनलेसलाही चुंबक चिकटतो. वळणे पाहा. वाकवताना पाईप आत दबला असेल तर वाट तिथेच अरुंद झाली, तो परत करा. जुने कारागीर पाईपात वाळू भरून, तापवून वाकवतात, त्याने गोलाई राहते. पाईप डिझेलच्या नळीपासून आणि ब्रेकच्या पाईपपासून दूर जाऊ द्या. टांगायला रबरच हवे, तारेने आवळला तर हादऱ्याने वेल्डिंग तडकते. वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची वायर सोडवायला सांगा.

नळीचे तोंड हौद्याच्या कडेबाहेर निघाले पाहिजे, खाली अर्धवट संपता कामा नये. हौद्यात माणसे बसवणे कायद्यात बसत नाही, पण खुरपणीला जाताना बायका-पोरे बसतातच, हे मी रोज पाहतो. धूर खाली कोंडला तर तो वर त्यांच्याच नाकात जातो. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो हे २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ठरवून टाकले आहे. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नसतो, म्हणून बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका.

काम झाल्यावर आठ दिवसांनी गाडीखाली वाकून सगळे सांधे पाहा. कुठे काजळीचा काळा फराटा उमटला असेल तर तिथून धूर गळतो आहे. गाडी त्याच मिस्त्रीकडे परत न्या आणि गॅस्केट बदलून घ्या.