सामान कुठे ठेवलंय?

विमानात वजन किती आहे, याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. सगळ्या वजनाचा तोल ज्या एका बिंदूवर साधतो, तो गुरुत्वमध्य. तो ठरलेल्या पुढच्या-मागच्या मर्यादांच्या आतच लागतो. फार पुढे सरकला तर नाक उचलणं जड जातं. फार मागे गेला तर नाक वर जातच राहतं, आणि हे जास्त घातक.

हा हिशेब लोडशीटवर मांडतात. रिकामं विमान, कर्मचारी, प्रवासी, सामान मिळून इंधनाविना वजन. त्यात इंधन धरलं की उड्डाणाचं वजन, वाटेत जळणारं वजा केलं की उतरतानाचं. तिन्हींना कमाल मर्यादा असते.

प्रवाशांना मात्र सहसा काट्यावर उभं करत नाहीत. सरासरी वजन धरतात. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट विमानतळावरून एअर मिडवेस्टचं १९ आसनी बीचक्राफ्ट उडालं. सरासरी वजन धरून कागदावर सगळं मर्यादेत होतं. प्रत्यक्षात वजन जास्त होतं आणि गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेपलीकडे गेलेला. शिवाय देखभालीत शेपटीच्या एलिव्हेटरची, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या झडपेची, केबल चुकीची जुळवलेली, त्यामुळे वैमानिकांना नाक पुरेसं खाली दाबताच येईना. विमान हँगरवर आदळलं. २१ जण गेले. त्या वैमानिकांच्या हातात खरोखर काहीच उरलं नव्हतं.

पुढे अमेरिकी हवाई प्रशासनाने प्रवाशाचं सरासरी वजन १० पौंडांनी वाढवलं. आजही छोट्या विमानांत खुर्च्या रिकाम्या असताना काहींना पुढे किंवा मागे बसायला सांगतात, ते याच हिशेबासाठी.