सामाजिक कार्यकर्ता प्रशिक्षण

सामाजिक कार्यकर्ता प्रशिक्षण : लोकसंघटना व सामाजिक चळवळी यांत काम करणाऱ्या व्यक्तींना त्या कामास आवश्यक असे ज्ञान, कौशल्य व विचारदृष्टी देण्याची प्रक्रिया. व्यावसायिक समाजकार्याचे शिक्षण विद्यापीठीय पदवीशी निगडित असते; भारतात त्याचा आरंभ १९३६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या व पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेने केला. चळवळीतील प्रशिक्षणास अशी पदवी नसते. शिबिर, अभ्यासवर्ग, कलापथक, पदयात्रा व पाहणी ही त्याची प्रमुख साधने होत. महाराष्ट्रात, विशेषतः सातारा व सांगली जिल्ह्यांच्या कृष्णाकाठी, या साधनांची परंपरा दीर्घ व बहुविध आहे.

पूर्वपीठिका : सार्वजनिक कार्यासाठी माणसे हेतुपूर्वक घडविण्याचा आधुनिक महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात स्थापन केलेला भारत सेवक समाज. त्याच्या सदस्यास आरंभीची पाच वर्षे अध्ययन व उमेदवारीत घालवावी लागत. ही पद्धती मोजक्या सुशिक्षितांपुरती होती. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या अनुयायांपुढे मात्र निरक्षर शेतकऱ्यांपर्यंत विचार पोहोचविण्याचा प्रश्न होता. त्यातून सत्यशोधक जलसा निर्माण झाला. तमाशाचा परिचित घाट स्वीकारून त्यात सावकारी, जातिभेद व कर्मकांड यांवरील संवाद घालण्यात आले. जलशाचा गावोगावी प्रयोग करणारा शाहीर प्रश्नोत्तरास सरावत असे. त्यामुळे प्रचाराचे साधन हेच कार्यकर्त्याची शाळाही ठरले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत सातारा जिल्ह्यात या जलशांचा प्रभाव मोठा होता.

प्रतिसरकारचा काळ : १९४१ मध्ये पुनर्रचित झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखा, शिबिर, बौद्धिक, श्रमदान व कलापथक यांची सांगड घातली. १९४२ च्या आंदोलनानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग त्यातच मोडत असे) प्रतिसरकार उभे राहिले. न्यायदान, गावाचे संरक्षण, दारूबंदी, अल्पखर्ची विवाह अशी कामे गावातील तरुणांनाच करावी लागली. कुंडल परिसरातील तूफान सेनेने लढाऊ दलाचे शिक्षण दिले, तर सेवा दलाच्या शिबिरांनी वैचारिक बैठक पुरविली. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारले. त्यामुळे कामगार चळवळीलाही असेच साधन लाभले.

कायद्याचे ज्ञान : स्वातंत्र्योत्तर काळात कार्यकर्त्याच्या ज्ञानाचे स्वरूप पालटले. प्रतिपक्ष आता परकी सत्ता नसून कायद्याने चालणारे आपलेच शासन होते. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांच्या वेळी महाराष्ट्रात पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९७६ मध्ये झाला, व त्याची जागा पुढे १९८६ आणि १९९९ च्या कायद्यांनी घेतली. परंतु कायदा असणे व त्याचा लाभ मिळणे यांत कागदपत्रांचे अंतर असते. १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याखाली निवाड्यातील मोबदला अपुरा वाटल्यास कलम १८ नुसार न्यायालयाकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करता येई. मात्र निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याने ती सहा आठवड्यांत करणे आवश्यक असे. रक्कम ‘निषेध नोंदवून’ स्वीकारली नसेल, तर हा हक्कच नाहीसा होई. पावतीवर हे दोन शब्द न लिहिता अंगठा उठविणाऱ्या शेतकऱ्याचा वाढीव मोबदल्याचा मार्ग त्याच क्षणी बंद होत असे. १ जानेवारी २०१४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली असली, तरी निषेध नोंदविण्याचे महत्त्व कायम आहे.

या दृष्टीने उंब्रज (ता. कराड, जि. सातारा) या गावाचे स्थान उद्बोधक आहे. पुणे–बंगळूर महामार्गावरील या गावाजवळ तारळी नदी कृष्णेस मिळते. तारळीच्या वरच्या खोऱ्यात, पाटण तालुक्यात, धरण बांधण्यात आले आहे. अशा खोऱ्यात वरच्या बाजूस जमीन बुडणारा शेतकरी असतो व खालच्या बाजूस पाणी मिळणारा. पुनर्वसन कायद्यानुसार लाभक्षेत्रातील ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या धारणेतून विस्थापितांसाठी जमीन घेता येते. म्हणून दोघांचे हितसंबंध परस्परांत गुंतलेले असतात. येथील कार्यकर्त्यास केवळ घोषणा पुरत नाहीत. गाव नमुना सात-बारा, आठ-अ, फेरफार नोंदवही, बुडितक्षेत्राचा नकाशा व लाभक्षेत्राची यादी वाचता आली पाहिजे, आणि एका गावाचा प्रश्न दुसऱ्या गावास समजावून सांगता आला पाहिजे.

पाहणीतून शिक्षण : १९८० मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक मुक्ती दलाने व तिच्याशी संबंधित मुक्ती संघर्ष चळवळीने सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात दुष्काळाचाच अभ्यास हाती घेतला. पाऊस, विहिरी, पिके व वाळूउपसा यांविषयीची शेतकऱ्यांची माहिती आणि अभियंते व विज्ञान-कार्यकर्ते यांचे ज्ञान एकत्र आणण्यात आले. येरळा नदीवरील बळीराजा स्मृती धरण (बलवडी–तांदुळवाडी) हे या प्रक्रियेचे दृश्य फळ होय. नदीतील वाळूच्या मर्यादित विक्रीतून त्यासाठी निधी उभारण्यात आला आणि भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबास पाण्याचा समान हक्क हे तत्त्व पुढे मांडण्यात आले. दुष्काळ हा केवळ दैवाचा कोप नसून नियोजनाचा प्रश्न आहे, ही जाणीव येथे व्याख्यानाने नव्हे, तर मोजमापाने रुजली. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची रीतही याच जातीची. तिचा कार्यकर्ता तथाकथित चमत्कार प्रथम स्वतः करून दाखवितो व नंतर त्याचा कार्यकारणभाव उलगडतो. दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. अशा शिक्षणास प्रसंगी किती मोठे मोल द्यावे लागते, याची ती साक्ष होय.

इतर देशांतील प्रयोग : अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९३२ मध्ये स्थापन झालेल्या हायलँडर लोकशाळेत मजूर व कृष्णवर्णीय कार्यकर्ते एकत्र राहून आपापल्या प्रश्नांची चर्चा करीत. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तेथील शिबिरास उपस्थित होत्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांनी माँटगोमेरी येथे बसमधील आपली जागा सोडण्यास नकार दिला. पुढे या शाळेच्या साहाय्याने निघालेल्या नागरिकत्व वर्गांतून प्रौढांना मतदार नोंदणीसाठी लागणारे लेखनवाचन शिकविले गेले. ब्राझीलचे पाउलो फ्रेअरी (१९२१–९७) यांनी शिक्षक ठेव ठेवतो आणि विद्यार्थी ती साठवितो, या पेढीसदृश शिक्षणावर टीका केली. शिकणाऱ्याच्या जीवनातील चित्रे व शब्द घेऊन संवादातून साक्षरता व समाजभान एकाच वेळी वाढविण्याची पद्धती त्यांनी सिद्ध केली.

अध्ययनसाहित्य : कार्यकर्त्यांसाठीचे साहित्य तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार विचारप्रधान पुस्तिका, नियतकालिके व गीते यांचा. दुसरा कार्यपद्धतीविषयक : सभेचे इतिवृत्त, निवेदन, अर्जाचे नमुने, मुदतींचे तक्ते इत्यादी. उदा., २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात काम मागणीच्या अर्जाची दिनांकित पोच हाच पंधरा दिवसांच्या मुदतीचा पुरावा मानला गेला; त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानुसार माहिती देण्याची सर्वसाधारण मुदत तीस दिवसांची आहे. तिसरा प्रकार स्थानिक माहितीचा : गावाची पाहणी, जुने निकाल, वृद्धांच्या आठवणी. हा सर्वांत उपयुक्त असूनही सर्वांत दुर्लक्षित राहतो. जुन्या कार्यकर्त्याच्या कपाटातील अर्जांच्या प्रती व त्याच्या स्मरणातील तारखा त्याच्या निधनाबरोबर नाहीशा होतात, आणि पुढच्या पिढीला तीच ठेच पुन्हा लागते.

मर्यादा : प्रशिक्षण हे चळवळीस पर्याय ठरू शकत नाही. निधीच्या मुदतीशी बांधलेले वर्ग निधी संपताच बंद पडतात. एकाच विचारसरणीची घोकंपट्टी करविणारी शिबिरे अनुयायी देतात, कार्यकर्ते देत नाहीत. रात्रीच्या सभा, लांबचा प्रवास व घरकामाचा भार यांमुळे स्त्रिया अनेकदा वगळल्या जातात. शिबिराची वेळ, ठिकाण व मुलांची सोय हे म्हणूनच प्रशिक्षणाच्या आशयाइतकेच महत्त्वाचे प्रश्न होत. कायद्याची माहिती असलेला एकटा कार्यकर्ता हळूहळू मध्यस्थ बनण्याचा धोकाही असतो. ज्या गावात नोटीस वाचणारा एकच असतो, ते गाव त्याच्यावर अवलंबून राहते. ती वाचणारे अनेक झाले म्हणजे प्रशिक्षणाचा हेतू सफल झाला असे म्हणता येते.