न बोललेल्या आठवणी
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

आकाशवाणीची सभा सुरू होताना तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनची एक धून वाजायची. आपल्यातल्या कित्येकांची सकाळ या धुनेने उजाडली आहे. तिचे श्रेय सर्वसाधारणपणे ज्यांना दिले जाते, ते वॉल्टर कॉफमन हे मूळचे कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार. हिटलर सत्तेवर आल्यानंतर, १९३४ साली ते मुंबईत आले. रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे काम त्यांनी अनेक वर्षे पाहिले आणि १९४६ मध्ये ते भारतातून गेले.

कॉफमन यांच्यासारखे हजाराहून अधिक ज्यू निर्वासित त्या काळात भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्येच मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. निर्वासिताचा भार सरकारवर पडणार नाही, अशी हमी ही संस्था देत असे. पण १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध पेटले आणि विचित्र प्रसंग ओढवला. नाझींच्या भीतीने पळून आलेली ही माणसे सरकारदप्तरी जर्मन, म्हणजे शत्रुराष्ट्राची ठरली. अनेकांना पकडून आपल्या शेजारच्या अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, छावणीत ठेवले गेले. तिथे नाझींचे समर्थक असलेले जर्मनही होते. पुढे चौकशी होऊन बऱ्याच निर्वासितांची सुटका झाली.

युरोपात मागे राहिलेल्या आईवडिलांशी संपर्क उरला तो रेडक्रॉसच्या निरोपांपुरता. एका निरोपात फक्त पंचवीस शब्द! एके दिवशी तेही थांबले. का थांबले, ते अनेकांना युद्ध संपल्यावर याद्या चाळताना कळले.

अशा घरांत नंतर जन्मलेल्या मुलांना काय दिसले? इतरांना आजी-आजोबा होते, यांना नव्हते. जुने फोटो नव्हते, किंवा असले तरी कपाटात कुलूपबंद. आईची मातृभाषा घरात बोलायची नाही. काही विचारले की विषय बदलायचा. हेलन एपस्टाइन या छळछावण्यांतून वाचलेल्या आईवडिलांच्या कन्या. अशा अनेक मुलांशी बोलून त्यांनी १९७९ मध्ये एक पुस्तक लिहिले आणि हे मौन घरोघरी होते, हे जगापुढे आले.

आईवडील गप्प का राहिले? मुलांचे बालपण काळवंडू नये, हे एक कारण. ‘मी निसटलो, आई मात्र मागे राहिली’ ही बोचणी हे दुसरे. आणि निर्वासितांच्या बाबतीत तिसरेही होते. छळछावणी भोगलेल्यांपुढे आपले दुःख ते काय, असे त्यांना वाटे. पण मौन पाळले म्हणून मुलांपासून काही लपत नाही. मुलांना भीती कळते, तिचे कारण तेवढे कळत नाही. मग रिकाम्या जागा ती आपल्या कल्पनेने भरतात. जर्मनीतील बाड आरोल्सन येथील नाझी अत्याचारांच्या कागदपत्रांचा प्रचंड संग्रह २००७ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. आज साठी-सत्तरीतली मुले आजी-आजोबांची नावे अशा संग्रहांत शोधत आहेत.

मराठवाड्याला हे अगदीच परके नाही. रझाकारांच्या भीतीने रातोरात गाव सोडून सरहद्दीपलीकडे आसरा घेतलेली कुटुंबे आपल्याकडे आहेत. १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईनंतरच्या हिंसाचारात घरातली माणसे गमावलेली कुटुंबेही आहेत. या घटनांची युरोपातल्या संहाराशी बरोबरी करायची नाही. पण आजोबा एका विशिष्ट गावाचे नाव निघाले की उठून अंगणात का जातात, हा प्रश्न दोन्हीकडच्या नातवंडांना पडलेला आहे.

त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. तेव्हा विचारायचे असेल तर उशीर नको. मात्र ‘तेव्हा काय झाले ते सांगा’ असा थेट प्रश्न बहुधा दार बंद करतो. घर कसे होते, विहीर कुठे होती, शेजारी कोण राहत होते, सणाला काय शिजायचे, असे विचारावे. जुन्या फोटोंमागे नावे लिहून घ्यावीत. परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज टिपून ठेवावा. आणि एखाद्याला बोलायचेच नसेल, तर त्याच्या गप्प राहण्याचाही मान ठेवावा. न बोलण्याचा हक्क त्याचा आहे. आपल्याला ऐकायचे आहे, एवढे त्याला कळले तरी पुरे. कित्येकदा माणसे गप्प राहतात ती कुणी विचारलेच नाही म्हणून.