झाशी : वेशीपलीकडे दुसरे राज्य

झाशीच्या जुन्या शहराला तटबंदी होती आणि तिला दहा दरवाजे होते. त्यांतील काही दरवाजे आजही उभे आहेत. जे पडले, त्यांची नावे वस्त्यांना आणि रस्त्यांना उरली आहेत. या दहांपैकी पाच नावे विशेष लक्ष वेधतात : दतिया, उनाव, भांडेर, ओरछा आणि सागर. दरवाजातून निघालेली वाट ज्या गावाला जाई, त्या गावाचे नाव दरवाजाला मिळाले. ही पाचही गावे आज मध्य प्रदेशात आहेत. झाशी मात्र उत्तर प्रदेशात आहे.

सीमेवरचे शहर म्हटले की साधारणपणे दोन देशांमधील शहर डोळ्यांपुढे येते. कॅनडातील विंडसर हे असे एक शहर. समोर नदी, नदीपलीकडे अमेरिकेतील डेट्रॉइट आणि पूल ओलांडताना पारपत्राची तपासणी. झाशीच्या सीमेवर कोणी कागद मागत नाही. दोन्ही बाजूंची भाषा बुंदेली, सण तेच, सोयरीकही एकमेकांत. तरीही ही रेषा खरी आहे. शेतकऱ्याला गव्हाचा भाव काय मिळणार, खटल्यासाठी किती लांब जावे लागणार आणि विद्यार्थ्याला कोणत्या कोट्यातून प्रवेश मिळणार, हे तिच्यावर ठरते.

सीमा आली कोठून?

१७२९ मध्ये पहिले बाजीराव छत्रसालाच्या मदतीला धावून गेले आणि त्या बदल्यात बुंदेलखंडातील मोठा मुलूख पेशव्यांकडे आला. ओरछ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधलेला झाशीचा किल्लाही पुढे मराठ्यांच्या हाती आला. १७४२ मध्ये नारो शंकर येथे सुभेदार झाले. नाशिकच्या पंचवटीतील नारोशंकराचे मंदिर आणि तेथील प्रसिद्ध घंटा ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे नारो शंकर. त्यांनी किल्ला वाढविला आणि त्याच्या पायथ्याशी शहर वसविले. झाशी ही ‘राणीची’ होण्याच्या शंभर वर्षे आधीपासून मराठी सुभेदारांची होती. त्यांच्यानंतर मूळच्या रत्नागिरी भागातील नेवाळकर घराण्याकडे सुभा आला. याच घराण्यातील गंगाधरराव नोव्हेंबर १८५३ मध्ये निवर्तले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारने दत्तकविधान नाकारून संस्थान खालसा केले.

१८५७ ची हकीकत मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. एप्रिल १८५८ मध्ये शहर पडल्यावर झालेल्या लुटीचे आणि कत्तलीचे वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ मध्ये केले आहे. शाळेतील इतिहास मात्र बहुधा ग्वाल्हेरला, राणीच्या मृत्यूपाशी येऊन थांबतो. झाशीचा आजचा नकाशा त्यानंतरच्या घडामोडींतून तयार झाला.

१८६१ मध्ये इंग्रजांनी झाशीचे शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिला. जिल्ह्याचा उरलेला मुलूख त्यांनी स्वतःकडे ठेवला. आता जिल्ह्याला मुख्यालयच राहिले नाही. तेव्हा तटाबाहेर ‘झाशी नवाबाद’ नावाची वस्ती करून कचेऱ्या तेथे हलविण्यात आल्या. म्हणजे पंचवीस वर्षे तटाच्या आत शिंद्यांचे राज्य आणि तटाबाहेर इंग्रजांचे, अशी स्थिती होती. नवाबाद हे नाव शहरात अजून चालू आहे आणि तेथील पोलीस ठाणेही त्याच नावाचे आहे. १८८६ मध्ये सौदा उलटा झाला. इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत केली आणि झाशी स्वतःकडे घेतली. एका किल्ल्याच्या बदल्यात दुसरा, असा हा व्यवहार होता. रहिवाशांचे मत विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती.

या देवघेवीमुळे झाशी ब्रिटिश प्रांतात राहिली. सभोवतालची दतिया, ओरछा, ग्वाल्हेर ही संस्थाने राजांकडे राहिली. स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश जिल्हा उत्तर प्रदेशात गेला. दतिया आणि ओरछा विंध्य प्रदेशात, तर ग्वाल्हेर मध्य भारतात गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही दोन्ही राज्ये मध्य प्रदेशात विलीन झाली. आज भाषेने, पिकाने, पाण्याने एक असलेल्या प्रदेशातून राज्याची सीमा जाते ती अशी. तिची वळणे डोंगर किंवा नदी पाहून ठरलेली नाहीत. बऱ्याच ठिकाणी ती जुन्या संस्थानांच्या हद्दी पाहून ठरली आहेत.

रेल्वेने बांधलेले शहर

शहराचा उदरनिर्वाह किल्ल्यापेक्षा रेल्वेने अधिक चालविला. १८८० च्या दशकात इंडियन मिडलँड रेल्वे येथे आली, १८९५ मध्ये कारखाना सुरू झाला आणि दिल्ली, भोपाळ, कानपूर व माणिकपूर या चार दिशांचे मार्ग येथे एकत्र आले. १९०० मध्ये हा कारभार मुंबईच्या जीआयपी रेल्वेकडे गेला. त्यानंतर शतकभर झाशीच्या रेल्वेचे मुख्यालय मुंबई होते. १ एप्रिल २००३ रोजी झाशी विभाग मध्य रेल्वेतून नव्या उत्तर मध्य रेल्वेत, म्हणजे प्रयागराजच्या अखत्यारीत गेला. मुंबईहून पंजाब मेलने किंवा पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने उत्तरेकडे जाणाऱ्यांना हे स्थानक परिचित आहे. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले.

रेल्वेने राज्याची सीमा कधी मानली नाही. ग्वाल्हेर, दतिया, टीकमगड, खजुराहो ही मध्य प्रदेशातील स्थानके झाशी विभागातच मोडतात. पर्यटनाचेही तसेच. ओरछ्याचे राजवाडे आणि रामराजा मंदिर पाहण्यासाठी येणारे बहुतेक प्रवासी झाशीला उतरतात आणि रिक्षाने किंवा टॅक्सीने सीमा ओलांडतात. झाशीची ‘यूपी ९३’ आणि दतियाची ‘एमपी ३२’ क्रमांकाची वाहने बाजारात शेजारी शेजारी उभी असतात.

बाकी उद्योग मोजके आहेत. खैलार येथे १९७४ पासून ‘भेल’चा ट्रान्स्फॉर्मरचा कारखाना आहे. बेतवाकाठी पारीछा येथे औष्णिक वीज केंद्र आहे. लष्कराच्या छावण्या झाशी आणि बबीना येथे आहेत. राणीपूरला टेरिकॉटचे कापड विणले जाते. राज्य सरकारच्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत या दगडाधोंड्यांच्या जिल्ह्याच्या वाट्याला मऊ खेळणी आली आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये संरक्षण सामग्रीच्या प्रकल्पाची पायाभरणी झाली. झाशी तालुक्यातील ३३ गावांच्या जमिनीवर नवे औद्योगिक शहर उभारण्याची योजनाही हाती घेण्यात आली आहे. तोवर तरुणांना कामासाठी दिल्ली, सुरत गाठण्यावाचून फारसा पर्याय नाही.

एका बांधावर दोन भाव

सीमेचा अर्थ शेतकऱ्याला सर्वाधिक कळतो. २०२५ च्या रब्बी हंगामात गव्हाचा केंद्राने ठरविलेला हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये होता. मध्य प्रदेशाने त्यावर १७५ रुपये बोनस देऊन तो २,६०० केला. झाशीच्या बाजूला केंद्राचाच भाव राहिला. सरकारी खरेदीसाठी नोंदणी जमिनीच्या दाखल्यावर होते. त्यामुळे बांधापलीकडच्या शेजाऱ्याला मिळणारा भाव झाशीच्या शेतकऱ्याला मिळत नाही. पेट्रोलचा व्यवहार उलटा आहे. ते अलीकडच्या वर्षांत मध्य प्रदेशात लक्षणीय महाग राहिले आहे, म्हणून पलीकडची वाहने टाकी भरण्यासाठी अलीकडे येतात. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विक्रीकराच्या नाक्यांचे प्रयोजन उरले नाही. पेट्रोल मात्र त्या कराबाहेर असल्याने हा फरक टिकून आहे.

न्यायालयाची गोष्ट अधिक विलक्षण. शंभर किलोमीटरवर ग्वाल्हेरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, पण ते मध्य प्रदेशाचे. झाशीच्या पक्षकाराला अपिलासाठी सुमारे चारशे किलोमीटर दूर प्रयागराजला जावे लागते. पलीकडे ओरछ्याच्या रहिवाशांची अडचण वेगळी होती. झाशी पंधरा-सोळा किलोमीटरवर असताना त्यांचे जिल्हा मुख्यालय होते ऐंशी किलोमीटरहून दूरचे टीकमगड. ऑक्टोबर २०१८ मध्ये निवाडी जिल्हा झाला तेव्हा हे अंतर कमी झाले. दवाखान्यासाठी मात्र दतिया आणि निवाडीकडील रुग्ण पूर्वीपासून झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात येत आले आहेत. रुग्णाला राज्य विचारले जात नाही. त्याच महाविद्यालयात शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ते विचारले जाते, कारण ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातील असतात.

पाणी आणि राज्य

बेतवा दोन्ही राज्यांतून वाहते. तिच्यावरील राजघाट धरण दोघांनी मिळून बांधले. त्यासाठी १९७६ मध्ये स्थापन झालेल्या बेतवा नदी मंडळाचे कार्यालय झाशीतच आहे. केन-बेतवा जोडप्रकल्पाला मात्र दोन राज्यांच्या पाणीवाटपाने दीर्घकाळ अडविले. पहिला सामंजस्य करार ऑगस्ट २००५ मध्ये झाला. अंमलबजावणीचा करार मार्च २०२१ मध्ये आणि पायाभरणी २५ डिसेंबर २०२४ रोजी. पन्ना व्याघ्र प्रकल्पातील जंगल त्यात बुडणार असल्याने पर्यावरणवाद्यांचा आणि विस्थापितांचा विरोध कायम आहे. दुष्काळाची बाब किती राजकीय असू शकते, हे मे २०१६ मध्ये दिसले. आदल्या महिन्यात मिरजेहून ‘जलदूत’ने लातूरला पाणी पोहोचविले होते. त्याच धर्तीवर केंद्राने झाशीला टँकरगाडी पाठविली. राज्य सरकारने गरज नसल्याचे सांगून ती नाकारली. पाहणीत टँकर रिकामेच निघाले.

या साऱ्यावर एक उत्तर जुने आहे : दोन्ही बाजूंचे बुंदेलखंड एकत्र करून स्वतंत्र राज्य. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालाला जोडलेल्या स्वतंत्र टिपणीत के. एम. पणिक्कर यांनी उत्तर प्रदेशाच्या विभाजनाचा आग्रह धरला होता. त्यांच्या प्रस्तावात झाशी विभाग, दतिया आणि ग्वाल्हेर एकाच नव्या राज्यात येत होते. तो स्वीकारला गेला नाही. नोव्हेंबर २०११ मध्ये उत्तर प्रदेश विधानसभेने राज्याच्या चार तुकड्यांचा ठराव केला, त्यात बुंदेलखंड होते. पण त्या ठरावाचा आवाका उत्तर प्रदेशातील सात जिल्ह्यांपुरताच होता.  त्यामुळे ओरछा, दतिया आणि सागर त्या बुंदेलखंडाबाहेरच राहिले असते. केंद्राने प्रश्न उपस्थित करून ठराव परत पाठविला आणि विषय तेथेच थांबला.

संसदेने मात्र एके ठिकाणी सीमा ओलांडली आहे. २०१४ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठाचे मुख्य आवार झाशीत असून पशुवैद्यक आणि मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये दतियात आहेत.